मिस्त्रींनी पाईप लावला

शनिवारची सकाळची शाळा सुटून मी घरी आले तेव्हा साडेअकरा झाले असतील. दारात पाऊल टाकायच्या आधी नजर शेडकडं गेली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पांढऱ्या फियाटचं बॉनेट वर होतं, रेडिएटर उतरवून भिंतीला टेकवला होता, आणि खाली गोणपाटावर मिस्त्रींचा फिरवायचा दांडा पडला होता. त्या दांड्याला हातभर लांबीचा लोखंडी पाईप चढवलेला होता.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. मी मात्र हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली. का ते सांगायचं तर आधी आमच्या शेडबद्दल सांगायला हवं.

आमचं घर कळंब्याच्या रस्त्याला. घराच्या पुढच्या अंगाला पत्र्याचं शेड, तेच माझ्या नवऱ्याचं गॅरेज. अख्खं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही तेच म्हणायची. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून गल्ली मला बाई म्हणायची, आणि तेही बाईच म्हणायचे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, दोन हजार साल तोंडावर आलं, तरी आमचं आपलं मिस्त्री आणि बाईच चाललेलं. माझी आई म्हणायची, तुम्ही नवरा-बायको आहात का एकाच हापिसातले कामगार?

आणि आमच्या गावाला जोराचं भलतं कौतुक. बोल्ट हलत नाही म्हटलं की भोवतीच्या चार जणांतला एक तरी म्हणणारच, "लाव की पाईप!" मग पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवायचा, म्हणजे जोर दुप्पट बसतो, आणि दोघांनी त्याला लोंबकळायचं. बोल्ट निघाला तर मिशीला पीळ, तुटला तर बोल्टच्या आई-बापाचा उद्धार. असा तुटलेला बोल्ट घेऊन गाडी आमच्याकडं यायची. शिरोळकडचे ट्रॅक्टर यायचे, आजऱ्याकडच्या जीपा यायच्या. मिस्त्रींचं नाव होतं ते एवढ्याचसाठी, दुसऱ्यांनी तोडलेलं काढून देण्यासाठी. कुणी त्यांच्यासमोर पाईपाचं नाव काढलं की ते मान वर न करता म्हणायचे, "पावणं, कुस्ती खेळायची आसंल तर तालमीत जावा. हितं बोल्ट काढायचाय."

काढायची पद्धत मी इतक्यांदा बघितली होती की झोपेतही सांगितली असती. बोल्टचं डोकं तुटलेलं, धड इंजिनात अडकलेलं. त्या धडाच्या बरोबर मध्यावर बारीक भोक पाडायचं. त्यात उलट्या आट्यांचं टोकदार पोलाद घालायचं, त्याला इझी-आउट म्हणतात. ते दांड्यानं उलट फिरवलं की आत रुततं आणि बोल्टला धरून बाहेर आणतं. पण पोलाद कडक असतं, म्हणूनच ठिसूळ असतं. जोर जरा वाकडा झाला की ते आतच मोडतं, आणि मग झाली का पंचाईत! कारण साधं ड्रिल त्या पोलादाला दाद देत नाही. तुटलेल्या बोल्टच्या पोटात मोडलेलं हत्यार, असा दुहेरी घोळ होतो.

त्या शनिवारी तोच घोळ झाला होता.

"मिस्त्री, पाईप कुणी लावला?" मी विचारलं.

ते खोक्यावर बसले होते. उजवा हात मांडीखाली. "इझी-आउट खराब निघालं," ते म्हणाले. "आतच मोडलं."

"मी पाईपाचं विचारलं."

"बाई, शाळा सुटली न्हवं? मग जेवण बघा की."

मी तापट आहे. हे मी कबूल करते, कारण न करून उपयोग नाही, सगळ्यांना माहीत आहे. मला त्या क्षणी मिस्त्रींचा राग आलाच नाही, राग आला तो हे पोलाद विकणाऱ्या दुकानदाराचा. माझ्या नवऱ्यानं वीस वर्षांत हातानं काही मोडलं नव्हतं. ज्यानं आयुष्यात पाईप लावला नाही त्याला पाईप लावायची पाळी आली, म्हणजे माल किती भिकार असेल! गोणपाटावर पडलेला इझी-आउटचा वरचा तुकडा उचलला, रुमालात गुंडाळला आणि तशीच, न जेवता, त्या दुकानासाठी लक्ष्मीपुरीची बस धरली. मिस्त्री मागनं हाका मारत होते. मी ऐकते होय?

दुकानदार लिंगायत, वयस्कर, मूळचे निपाणीकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. मला नेहमी अक्का म्हणायचे. मी तुकडा काउंटरवर आपटला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, तेवढंच मला हवं होतं.

"असला माल विकता व्हय? मिस्त्रींसारख्या माणसाच्या हातात मोडलं हे! लाज कशी वाटत नाही?"

त्यांनी चष्मा पुसला, तुकडा उचलला, उजेडात धरून मोडलेल्या जागेकडं बघत राहिले. मग मला खुणेनं आत बोलावलं, खोक्यांच्या मागं.

"अक्का, माल खराब असला की मोडल्या जागी जुनी भेग दिसतीया. काळी. हे बघा, स्वच्छ मोडलंय. दाब वाकडा बसलाय."

"मिस्त्रींना दाब देता येत नाही म्हणता?"

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "ह्या दोन महिन्यांत ह्यो चौथा नेलाय त्यांनी. आधी वर्षाला एक लागायचा न्हाय. मी इचारलं न्हाय, अक्का. चार माणसांत कसं इचारायचं? परवा च्या दिलता त्यांना. घेतला न्हाय. खिशातला हातच बाहेर काढला न्हाय."

मी तो तुकडा परत रुमालात बांधला. माफी मागायला हवी होती, मागितली नाही. आजही त्याची चुटपुट आहे.

परतीच्या बसमध्ये मला एकेक गोष्ट आठवायला लागली. श्रावणापासून मिस्त्री दाढी घरी करत नव्हते, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं जायचे. मी म्हटलं होतं, "काय हो, आता या वयात शौक सुचले?" बटणांचे शर्ट सोडून गळ्यातनं घालायचे टी-शर्ट वापरायला लागले होते. मी त्यावरही बोलले होते, कॉलेजकुमार म्हणाले होते. त्यांच्या वहिनीला पत्र लिहायचं तर म्हणाले, "तूच लिही, तुझं अक्षर चांगलं." मी फुशारून लिहिलं. वर्गातल्या पोरांपैकी कुणी खालच्या मानेनं बसलं तरी मला दुरून कळायचं, आज याच्या घरी काहीतरी झालंय. आणि माझ्या ताटासमोर बसणाऱ्या माणसाचं मला काही कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, अगदी भरल्या बसमध्ये रडू आलं.

घरी आले तर मिस्त्री अजून खोक्यावरच.

"हात दाखवा," मी म्हटलं.

"कशाला? जोतीस बघायला लागलीस व्हय?"

"दाखवा म्हणते ना."

त्यांनी मांडीखालचा हात काढला आणि माझ्यासमोर धरला. तो हलत होता. फार नाही. मोजक्या ठेक्यानं अंगठा आणि दोन बोटं आपली चालली होती, त्यांच्या मर्जीशिवाय. मी माझ्या दोन्ही हातांत तो धरला तरी तो आत चालूच राहिला.

"कधीपासनं?"

"गणपतीच्या आधीपासनं. काम करताना थांबतोय तसा. पण पकड गेलीया. बोटांत जोरच न्हाय, म्हणून पाईप लावला. म्हटलं एवढ्या बारीला निघंल."

"दवाखान्यात का गेला नाही?"

"दवाखान्यात गेलो की आजार हाय म्हणतील. तवर नुसता हात हलतोय."

मी म्हटलं, उद्यमनगरातल्या कुठल्या तरी कारखान्यात विचारू, तिथं ठिणगीनं पोलाद झिजवायची मशीन आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. तर ते एकदम उसळले. "इंजिन उतरवून तिकडं न्यायचं? आणि काय सांगायचं, मिस्त्रींनी मोडलं? उद्या सकाळच्या च्याला सगळ्या उद्यमनगरात झालं असंल. मग कोण गाडी आणतंय हितं? एकदा का हात गेला म्हणून नाव झालं, की संपलं, बाई."

गाडी कळंब्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. सोमवारी त्यांना आजऱ्याला लेकीकडं जायचं होतं, रविवारी पाचला ते गाडी न्यायला येणार होते. वेळ होता तो एवढाच.

"मी काढते," मी म्हटलं.

ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. "खडू धरायचा हात तुझा."

"खडू धरून चाळीस पोरांना वळण लावते. तुमचा एक बोल्ट काय करतोय?"

बोलायला काय जातंय! रविवारी सकाळी साडेसातला मी पदर खोचून त्या गाडीसमोर खोक्यावर बसले तेव्हा माझीच पाचावर धारण बसली होती. पाण्याच्या पंपाचा बोल्ट, इंजिनाच्या तोंडावर, आणि बरोबर अशा जागी की मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही. बोल्टच्या पृष्ठभागाशी सपाट मोडलेलं ते पोलाद काळं चकाकत होतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं.

उजेड पुरत नव्हता. मिस्त्रींनी आमचा दाढीचा आरसा आणला आणि उन्हात धरून कवडसा इंजिनावर पाडला. तो कवडसा थरथरायला लागला. पूर्ण इंजिनाच्या तोंडावर ते थरथरणं मोठं होऊन दिसत होतं, पत्र्यावर, पंख्यावर, माझ्या हातावर. आम्ही दोघांनीही ते बघितलं. ते काही न बोलता उठले, दोन विटा आणल्या आणि आरसा त्यांच्यामध्ये टेकवून ठेवला.

काम असं होतं. टणक टोकाचा, खिळ्यासारखा बारीक पंच पोलादाच्या कडेवर धरायचा आणि छोट्या हातोडीनं टिचकी मारायची, टिचकीच, म्हणजे पोलादाचा कपचा उडतो. तो सुईनं उकरायचा, जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकानं ओढून घ्यायचा. पुन्हा टिचकी. बोल्टला धक्का लागता कामा नये, इंजिनातल्या आट्यांना तर मुळीच नाही.

माझी पहिली टिचकी घसरली. दुसरी बसली पण काही उडालं नाही. तिसरी मी रागानं मारली.

"आसं न्हवं," मिस्त्री म्हणाले.

"मग कसं?"

"हलकं मार. पण ढिलं नको."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... आसं. हाताला कळतंय की ते."

"माझ्या हाताला नाही कळत!"

आणखी दहा मिनिटं गेली. आसं न्हवं, तसं न्हवं. पंच बोटांतनं निसटून खाली पडला, इंजिनाच्या खाली गेला. घामानं चष्मा घसरत होता. ते परत म्हणाले, "आगं आसं न्हवं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"मग स्वतः करा की!"

बोलून गेले आणि मला वाटलं जीभ कापून टाकावी. रस्त्यावरनं एक दूधवाला गेला, त्याच्या किटल्या वाजल्या. मी मिस्त्रींकडं बघितलं नाही, बघायची छाती झाली नाही. ते चिडून आत निघून जातील असं मला वाटलं, गेले असते तर बरं झालं असतं असंही वाटलं.

त्यांनी वाकून इंजिनाखालचा पंच काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. मग खोक्याशेजारी जमिनीवर बसले आणि बोलायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात ते सलग इतकं बोललेले मला आठवत नाहीत. हातानं जे होत होतं ते त्यांनी कधी शब्दांत मांडलंच नव्हतं, मांडायची गरज पडली नव्हती. आता ते एकेक शब्द शोधत होते, चुकत होते, परत सांगत होते.

"पंच तीन बोटांत धर, मूठ नको. मनगट इंजिनावर टेकव. हातोडी स्वतःच्या वजनानं पडू दे, तू फकस्त उचल. आवाज ऐक. टण्ण वाजलं तर पोलाद दणका परत देतंय, जागा बदल. ठक्क वाजलं की समज, आत तडा गेला. भाकरी शेकली का न्हाय ते तू वासानं वळखतीस न्हवं? तसं हे कानानं."

मी ऐकत राहिले. टण्ण. टण्ण. जागा बदलली. टण्ण. आणि मग ठक्क. सुईच्या टोकाला मोहरीएवढा काळा कपचा आला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. ते त्याच्याकडं बराच वेळ बघत होते.

त्या एका डाळीएवढ्या पोलादाला चार तास लागले. मधे मी भात टाकून आले, मधे शेजारीण डोकावली, तिला मिस्त्रींनी सांगितलं की बाईंची अंगठी पडलीया इंजिनात. बाराच्या सुमाराला शेवटचा कपचा निघाला. मग ब्लो लॅम्पच्या ज्योतीनं बोल्ट तापवायचा आणि गरम असतानाच मेणबत्ती टेकवायची, मेण पाघळून आट्यांत उतरतं. हे दोनदा केलं. मग छिन्नीचं टोक बोल्टच्या कडेला तिरपं धरून उलट्या अंगानं टिचक्या. किती मारल्या देव जाणे. एका टिचकीला मला काहीतरी वेगळं जाणवलं, कानाला नाही, बोटांना. बोल्ट मला जरा सोडून गेल्यासारखा वाटला.

"हलला," मी म्हटलं.

"दिसाय न्हाय."

"नाही दिसला. पण हलला."

मिस्त्री माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आणखी चार टिचक्या आणि तो खरंच फिरला, दाण्याएवढा. मग पकडीत आला, आणि बाहेर.

मी ओरडलेच! गल्लीला ऐकू गेलं असेल. इतका आनंद मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हासुद्धा झाला नव्हता. हात काळे, पदर काळा, आणि डोक्यात पुढचे सगळे बेत पक्के. शाळा सुटली की रोज मी बसणार. ते सांगतील, मी करीन. बारीक काम दुपारी शेडचं दार ओढून घेऊन करायचं, कुणाला कळणार नाही. मिस्त्रींचं नाव जाणार नाही. पंप बसवताना, रेडिएटर जोडताना, नट आवळताना मी हेच बोलत होते. ते प्रत्येक नट स्वतः परत तपासायचा प्रयत्न करत होते. एकाला दोनदा हात लावला, तिसऱ्यांदा लावला आणि मला म्हणाले, "तू बघ गं, बसलाय का." मी म्हटलं, बसलाय. ते म्हणाले, "नक्की?" मला कुठं माहीत होतं नक्की म्हणजे किती!

पाचला पोस्टमास्तर आले. गाडी चालू केली, रस्त्यावर एक फेरी मारून आले, खूश. "मिस्त्री, तुमच्या हातात जादू हाय बघा. मी उगच न्हाय दुसरीकडं जात."

मी दारात उभी होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे, कारण मी हसू आवरायचा प्रयत्न करत होते.

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, काम हिनं केलंय. माझा हात गेलाय. हे बघा." आणि त्यांनी तो पुढं धरला. "आता गाडी हितं आणू नका. उद्या निघायच्या आधी उद्यमनगरात नेऊन पंपाचे नट एकदा तपासून घ्या. आणि तिथं सांगा, मिस्त्रींनी काम सोडलं म्हणून."

पोस्टमास्तर काय बोलले ते मला आठवत नाही. गाडी गेली आणि मी फुटले. "कशाला सांगितलंत? कुणी विचारलं होतं? मी होते की! सकाळपासनं कशासाठी मरत होते मी?"

"तू हुतीस म्हणून बोल्ट निघाला," मिस्त्री म्हणाले. आवाज शांत होता. "त्यो बोल्ट हुता, बाई. मोडला असता तर मोडला असता. उद्या ब्रेकचं काम येईल. नट पुरता बसला का न्हाय, माझ्या हाताला आता कळत न्हाय. तुझ्या हाताला आजून कळत न्हाय. मधल्या मधी मरंल कोण?"

मी गोणपाटावरची हत्यारं गोळा करायला लागले.

थोड्या वेळानं ते शेडसमोरच्या नळापाशी गेले आणि म्हणाले, "पाणी घाल." मी तांब्या घेऊन गेले. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, साबण लावला, काळं काढत बसले. गल्लीतली माणसं येत-जात होती. दोघं-तिघं थांबली, बघायला लागली. उजवा हात आपला हलत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, लोक बघतायत." ते म्हणाले, "बघू देत," आणि हात तसाच पुढं ठेवला. मी पाणी घालत राहिले.